तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला उधाण बरं की भांग?

इंग्रजीत टाइड म्हटलं की भरतीही त्यात आली आणि ओहोटीही, पण नदीकाठच्या माणसाला खरा फरक पडतो तो स्प्रिंग टाइड आणि नीप टाइडचा, म्हणजे आपलं उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी कमीच हलतं.

तिसऱ्या काढायला माझं मत सरळ उधाणाच्या ओहोटीला. गोव्यातल्या झुवारी नदीत एरवी पाण्याखाली असणारा चिखल-वाळूचा पट्टा तेव्हा उघडा पडतो, भांगाला तेवढं पाणी हटतच नाही. पण परत येणारं पाणी जोरात असतं हां, सहा-एक तासांत पूर्ण भरती, त्यामुळे पोरांना घेऊन फार आत जाऊ नका प्लीज. होडी वल्हवायला शिकायची असेल तर मात्र भांगच बरा.

खाजन शेतीवाल्यांना, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवून शेती करणाऱ्यांना, उधाण म्हणजे काळजीच. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतं आणि ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी बाहेर सोडतं, किती हुशारीचं काम आहे बघा, पण बांध खेकड्यांनी पोखरलेला असला तर नुसतं दार काय करणार, खारं पाणी आत शिरतं आणि भात जातं. म्हणून बांधाची डागडुजी भांगाच्या दिवसांत उरकून घ्या, आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते तेही धरून चला.