उतारावर गाडी थांबते का? क्रॉलरसाठी ब्रश्ड की एफओसी, २एस की ३एस

ज्यांची क्रॉलर, म्हणजे रिमोटवर दगडांवर चढवायची छोटी गाडी, ठरलीये, टीआरएक्स-४ असो, एससीएक्स१० असो नाहीतर एंड्युरो, आणि आता आत कुठली मोटर आणि बॅटरी टाकायची यावर अडलेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन वर्षं ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली साधी मोटर) चालवलं आणि गेलं वर्षभर एफओसी (ब्रशलेस मोटर चालवायची एक पद्धत) चालवतोय. चॅसी तीच, टायर तेच, जागापण बऱ्यापैकी त्याच. पुण्यात वेताळ टेकडीवरची जुनी खाण आणि सुट्टीत गावाला गेलो की रत्नागिरीकडचा जांभा. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, जे दिसलं तेच सांगतो.

समोरासमोर ठेवायच्या गोष्टी दोन. एक म्हणजे नेहमीचं ब्रश्ड, वेगळा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग आणि ब्रेक सांभाळणारा कंट्रोलर (बहुतेक जण हॉबीविंगचा १०८० बघतात) आणि त्याला ३५ ते ५५ टर्नची ५४० आकाराची मोटर (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे, वेढे जास्त तितका वेग कमी). दुसरं म्हणजे हॉबीविंगच्या फ्यूजनसारखं, ज्यात ईएससी मोटरच्या डब्यातच बसवलेला असतो आणि ब्रशलेस मोटर एफओसी पद्धतीने चालते, म्हणजे आतला फिरणारा भाग, रोटर, कुठे आहे ते बघून ईएससी करंट देतो. मधला एक पर्याय आहे, वेगळा ईएससी, वेगळी ब्रशलेस मोटर आणि मधे सेन्सरची वायर, पण मी तो स्वतः वापरलेला नाही म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

ब्रश्डची बाजू आधी मांडतो कारण ती खरंच भक्कम आहे. मोटर गेली तर मोटर बदला, ईएससी गेला तर ईएससी, दोन्ही एकदम जायची भीती नाही. मोटर स्वस्त आणि कुठल्याही हॉबी शॉपमध्ये मिळते, आपण नवीन असतो तेव्हा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) चुकीचा लावून एखादी मोटर भाजली तरी फार जीव जळत नाही. माझ्या ईएससीबरोबर प्रोग्राम कार्ड आलं होतं, टेकडीवर बसल्या बसल्या पिन हलवली की सेटिंग बदललं, मोबाईल नको की काही नको. आणि आवाज. ब्रश्ड मोटर हळू चालताना जो घुरघुर आवाज करते तो मला अजूनही आवडतो.

आता जी गोष्ट मला खटकली ती. ब्रश्ड गाडी चढावर थांबत नाही. म्हणजे थांबल्यासारखी वाटते, पण थांबत नाही.

खाणीत एक कातळ आहे, साधारण गुडघाभर उंच, मधे एक फट. पुढची चाकं वर टेकली की मागचं उजवं चाक बरोबर त्या फटीच्या कडेला यावं लागतं, नाहीतर गाडी उलटते. मी जिथे उभा असतो तिथून ते चाक दिसतच नाही. म्हणून पुढची चाकं वर गेली की रिमोटचा ट्रिगर सोडायचा, पलीकडे जाऊन बघायचं, परत येऊन बोटभर स्टिअरिंग फिरवायचं. एवढंच काम. पण मी पलीकडे पोचेपर्यंत गाडी दोन बोटं खाली आलेली असायची आणि चाक फटीत. परत सुरुवातीपासून. एका रविवारी सकाळी त्या एका कातळावर मी तासाच्या वर घालवला आणि चाक कुठे टेकवायचं हे मला पक्कं माहीत असून ते तिथे ठेवता येत नव्हतं, याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

कंपनीचं नाव घेत नाही कारण हा कुणा एका ईएससीचा दोष नाही, ब्रश्ड मोटरचा स्वभावच तसा आहे. ट्रिगर सोडला की आपोआप ड्रॅग ब्रेक लागतो, म्हणजे ईएससी मोटरची दोन टोकं आतल्या आत जोडतो. मग मोटर फिरायला लागली की तिच्यातच वीज तयार होते आणि ती वीज मोटरला अडवते. पण अडवायला आधी मोटर थोडी फिरायला हवी, अजिबात फिरली नाही तर वीज नाही आणि वीज नाही तर ब्रेक नाही. म्हणून ब्रेक १०० टक्के ठेवला तरी गाडी हळूहळू उतरतच राहते. मी ३५ टर्न काढून ५५ टर्न टाकली, पिनियन लहान केला, फरक पडला, नाही असं नाही, पण सरकणं काही गेलं नाही आणि सपाटीवर गाडी मुंगीसारखी चालायला लागली ते वेगळंच. माझी गाडी सरळ अॅक्सलची आहे. पोर्टल अॅक्सल असेल तर चाकापाशी वेग कमी करणारी अजून एक गिअरची जोडी मिळते, त्यामुळे मित्राच्या टीआरएक्स-४ मध्ये हे बरंच कमी जाणवतं, तेव्हा तुमची पोर्टलची असेल तर माझं म्हणणं थोडं सौम्य करून घ्या. जांभ्यावरपण त्रास कमी, कारण जांभ्याला भोकं असतात, टायर त्यात अडकून बसतो. गुळगुळीत काळ्या कातळावर मात्र लपवायला जागा नाही, आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की एवढ्याशा सरकण्याने सुद्धा पकड सुटते.

एफओसी बसवल्यावर पहिल्या दिवशी त्याच कातळावर गेलो. पुढची चाकं वर, ट्रिगर सोडला, पलीकडे गेलो. गाडी होती तिथेच. परत आलो, तिथेच. यात ईएससी मोटरची नुसती टोकं जोडून सोडून देत नाही, आतल्या वाइंडिंगला करंट देऊन रोटर जागच्या जागी धरून ठेवतो. तिसऱ्या प्रयत्नात वर गेली आणि मी तिथे एकटाच असूनसुद्धा जोरात ओरडलो.

हळू चालण्यातही फरक आहे. टायरचा एक एक लग (रबराचा उंचवटा) मोजत पुढे नेता येतं, ब्रश्डमध्ये सुरुवातीला जो छोटा झटका बसायचा तो नाही. आणि वरचा वेगसुद्धा मिळतो, म्हणजे कातळासाठी एक आणि मातीच्या वाटेसाठी दुसरं असं गिअरिंग बदलत बसावं लागत नाही.

तोटे आहेतच. पैसे बरेच जास्त लागतात, माझे ब्रश्डच्या जवळजवळ दुप्पट गेले. डब्यातला ईएससी गेला तर चांगली मोटरसुद्धा त्याच्याबरोबर गेली. सेटिंगसाठी ब्लूटूथचं मॉड्यूल मला वेगळं घ्यावं लागलं. धरून ठेवायला करंट लागतो, म्हणून चढावर उभी करून गप्पा मारत बसलात तर मोटर तापणार, मी मिनिटभराच्या वर ठेवत नाही.

सर्व्होबद्दल, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरबद्दल थोडं, कारण लोक मोटरवर खर्च करतात आणि इथे अडकतात. चाक दोन दगडांत अडकलं की सर्व्हो ताकद लावतो, करंट खेचतो, ईएससीमधल्या बीईसीला (सर्व्हो आणि रिसीव्हरला कमी व्होल्टेज पुरवणारा भाग) तेवढं झेपलं नाही की व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद होतो. ऐन चढावर. माझ्याकडे २५ किलो ताकदीचा सर्व्हो टाकल्यावर हे सुरू झालं आणि मी आठवडाभर रेडिओ खराब आहे असं समजत होतो. वेगळा बीईसी घ्या, थेट बॅटरीवरून, आणि त्यातून सर्व्होला सर्व्होच्या पाकिटावर लिहिलेलं व्होल्टेज द्या. सर्व्होपासून रिसीव्हरला फक्त सिग्नल आणि ग्राउंड, लाल वायर नाही. ८.४ व्होल्टचा सर्व्हो थेट ३एस, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर जोडू नका, ३एस पूर्ण भरली की १२.६ होते, सर्व्हो गेलाच समजा.

बॅटरीचं माझं मत जरा ठाम आहे. निकेल-मेटल हायड्राइडची जुनी पडून असेल तर सुरुवातीला चालवा, पण ती जड असते आणि नवीन घेऊ नका. लिपोमध्ये (लिथियम पॉलिमर) लोक ५००० एमएएचची मोठी २एस घेतात कारण जास्त वेळ चालेल म्हणून. क्रॉलरमध्ये मला ते पटत नाही. एवढं वजन मागे किंवा उंचावर बसलं की चढावर गाडी मागे कलंडते, आणि हातात घेतली तरी छोट्या बॅटरीपेक्षा ती किती जड आहे ते कळतं. मी २२००ची छोटी ३एस घेतली आणि बॅटरी ट्रे पुढच्या अॅक्सलच्या जवळ, जितका खाली जाईल तितका खाली नेला. पुढची चाकं दगडावर दाबून बसायला लागली, आणि खरं सांगायचं तर चढण्याच्या बाबतीत या हलवाहलवीने मोटर बदलण्याइतकाच फरक पडला असेल. टेकडीवर मला तासाभराच्या आसपास मिळतो, दुसरी खिशात ठेवतो. ब्रश्डवर मात्र ३एस लावताना मोटरला अधूनमधून हात लावून बघा, माझी लांब चढावर चांगलीच तापायची, तिथे २एस बरी. सी रेटिंगच्या (बॅटरी किती करंट देऊ शकते त्याच्या) मोठ्या आकड्यांमागे पैसे घालवू नका, क्रॉलर तेवढा करंट मागतच नाही. त्यापेक्षा बॅटरी उतरली की वाजणारा, बॅलन्स लीडला (बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगला) लावायचा बझर घ्या. आणि उन्हाळ्यात पॅक बंद कारमध्ये ठेवू नका, माझा एक असाच फुगला. आठवडाभर चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचा.

रेडिओ फ्लायस्कायचा जीटी५ वगैरे कुठलाही चालेल, फक्त इथूनच घ्या, वायरलेस असल्यामुळे बाहेरून मागवला तर कस्टम्समध्ये डब्ल्यूपीसीच्या (वायरलेस उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी विभागाच्या) परवानगीवरून अडकू शकतो. लिपोपण आपल्याकडच्या दुकानातून घ्या, माझ्या बॅटऱ्या रस्तामार्गे येतात, पोचायला आठवडाभर धरून चाला.

आता पोर्टलची गाडी असेल, किंवा मुलासाठी घेताय, किंवा जास्त करून मातीच्या वाटांवरच फिरणार असाल तर ब्रश्ड घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला सर्व्हो आणि बीईसी घ्या, मी स्वतः भाच्याला तेच घेऊन दिलं आणि तो खूश आहे. पण कातळावर जाणार असाल आणि गाडी थांबवून, चालत जाऊन, वाकून चाक बघायची सवय तुम्हालापण असेल, तर मी सहा महिने पैसे साठवीन पण एफओसीच घेईन. माझी जुनी ५५ टर्न मोटर अजून कपाटात आहे, ईएससीसकट, पण त्या कातळासाठी ती परत बाहेर काढायची वेळ आलेली नाही.