ऑनलाइन योगवर्ग वाढवायला गेले आणि 1,12,138 रुपये घालवले

योगवर्ग वाढवून देतो म्हणणाऱ्या ऑनलाइन कोर्सवाल्यांनी मला फसवलं. आकडा आधीच सांगून टाकते: 99 अधिक 4,999 अधिक 92,040 अधिक 15,000. एकूण 1,12,138. लोक तोच आधी विचारतात, आणि त्यापाठोपाठ "तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला कळलं कसं नाही?" हे येतंच. म्हणून लिहितेय. योगशिक्षकांनो, विशेषतः घरून वर्ग घेणाऱ्या बायकांनो, नीट वाचा.

2020च्या लॉकडाऊनमध्ये माझे वर्ग झूमवर गेले आणि बरे चालले. महिना 800 रुपये फी, पहाटेची बॅच भरलेली. नंतर लोक बाहेर पडले, कुणी जिम लावली, कुणी फुकटचे व्हिडिओ बघू लागलं. बॅच निम्म्यावर आली. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात येते, 'योग शिकवून महिन्याला लाखभर', तर कुणाचा हात थबकेल सांगा? 99 रुपयांचा वेबिनार, मग 4,999ची कार्यशाळा, मग 'मोजक्याच जागा' असलेला मोठा कोर्स. ही शिडी तुम्हालाही माहीत असेल. मलाही ऐकून माहीत होती.

आता ज्याची मला अजून चीड येते ते. वेबिनार 'लाइव्ह' होता. जानेवारी महिना, रात्रीचे आठ वाजलेले, आणि बोलणाऱ्याच्या मागच्या पडद्यातून चक्क ऊन येत होतं! मी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, परदेशात असेल. थोड्याच वेळापूर्वी तो सांगत होता की मी पुण्यातून बोलतोय. बाजूला चॅट धडाधड पळत होतं, 'आत्ताच भरले सर', 'जागा मिळाली सर', आणि मध्येच नाशिकच्या एका बाईंचं अभिनंदन. मी दोनदा विचारलं की साधक तुम्ही आणून देणार की मीच शोधायचे? त्या गर्दीत माझ्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही. पुढे माझ्या मैत्रिणीनं वेगळ्या तारखेचा वेबिनार पाहिला, तर तेच ऊन, त्याच नाशिकच्या बाईंचं त्याच वाक्यावर अभिनंदन. सगळं रेकॉर्ड केलेलं, चॅटसकट. उलटसुलट प्रश्न विचारून पाहा. नावानिशी उत्तर आलं नाही तर तो वेबिनार बहुधा लाइव्ह नाही.

कोर्स 78,000चा, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 92,040. 4,999 यातून वजा होणार होते, झाले नाहीत. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर तोवर मला 'मॅम' म्हणणारा कोर्सवाल्यांचा मुलगा 'ताई'वर आला. "ताई, विनाव्याज बारा हप्ते, फक्त 7,670." फोनवरच आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. मला वाटलं मी कोर्सवाल्यांना हप्ते देतेय. प्रत्यक्षात एका कर्ज कंपनीनं माझ्या नावे कर्ज काढून पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात टाकली होती. पुढे मी शिकले काय, न शिकले काय, त्यांना फरक पडत नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत कर्जाच्या कागदात लिहिलेली असते. मला मात्र "पुढच्या आठवड्यात पहिला भाग उघडेल, मग बघा" असं सांगून थांबवलं, आणि तेवढ्यात मुदत गेली.

कोर्समध्ये काय होतं? व्हिडिओ, पोस्टचे तयार नमुने, आणि नातेवाइकांना पाठवायचे निरोप. मधुमेह 21 दिवसांत मुळापासून बरा, अशी जाहिरात करा म्हणाले. मी नकार दिला तर "तुमचा माइंडसेटच कमी पडतो". 'योगा अलायन्स'च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचंही गाजर होतं. अहो, अमेरिकेतली योगा अलायन्स ही खासगी नोंदणी संस्था आहे, सरकारी परवाना नव्हे. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे, ती द्या.

15,000 घेतले ते जाहिरातींसाठी, अमेरिकेतले मराठी साधक मिळवून द्यायला. इथले सकाळचे सहा म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ. हे गणित बरोबर होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. आली ती एक्सेलची यादी. अर्धे नंबर बंद. एक लागला तर ती इंदूरची योगशिक्षिका निघाली, हाच कोर्स घेतलेली. तिच्या यादीत माझा नंबर होता.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. म्हणजे 14,040 रुपये कर म्हणून घेतले ते कुठल्या नावाखाली? पैसे भरण्याआधी हे तपासायला एक मिनिट लागतं.

मग तक्रारी. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवून पोलीस ठाण्यात पाठवलं. ठाण्यानं सायबर शाखेकडे. सायबर शाखेतले साहेब म्हणे, "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात ना? व्हिडिओही बघितलेत. ही दिवाणी बाब." अहो, बंद नोंदणीवर कर घेणं दिवाणी? रेकॉर्डिंग लाइव्ह म्हणून विकणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं 318 कलम कशासाठी ठेवलंय मग? लेखी द्या म्हटलं तर "लेखी कशाला". 1915च्या ग्राहक हेल्पलाइननं माझी तक्रार त्याच कंपनीला पाठवली, कंपनीनं "सेवा दिली आहे" एवढं लिहिलं आणि तक्रार निकाली! कर्ज कंपनी म्हणते, वाद तुमचा आणि विक्रेत्याचा, हप्ता थांबवलात तर सिबिल खराब होईल. प्रत्येकाकडे मला पाठवायला दुसरं दार आहे. आणि प्रत्येक दारात पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघत.

स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून ठेवा. फोनवरचं वचन ईमेलवर मागा. कर्ज कंपनीला लेखी तक्रार करून तीस दिवस थांबा, दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी तिथे अर्ज केलाय, तारीख पडायची आहे.

हप्ता अजून दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. यावेळी त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला, "ताई, अडकलेले पैसे काढून देतो, फाईल चार्ज फक्त 3,500." माझे पैसे अडकलेत हे त्याला कुणी सांगितलं? असा फोन तुम्हालाही येईल. एक रुपया देऊ नका. मी तो नंबर तक्रारीला जोडलाय.