कॅम्पर व्हॅन घेताना फर्निचर नको, चासी बघा

साठी उलटलेलं, एकटं, मोठी गाडी कधी न चालवलेलं गिऱ्हाईक कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, विकणाऱ्या काही लोकांना फार आवडतं. ते गाडीखाली वाकत नाही, आत डोकावतं. आत बेड, सिंक, पिवळे एलईडी, भिंतीला सनमायका. निवृत्तीनंतर एकटीनं आंबोली-दाजीपूर फिरायचं ठरवलेल्या कोल्हापूरच्या एका काकूंना सव्वासात लाखांना अशीच एक गाडी विकली गेली. 'मावशी, बिनघोर राहा, सगळं करून देतो' हे वर. त्या गाडीत काय काय निघालं ते वाचा आणि इसार देण्याआधी तपासा.

गाडी मुळात टूरिस्टची १७ सीटर. सीटा काढल्या आणि पिवळी पाटी जाऊन पांढरी आली. आरसीवर मात्र ती अजून प्रवासी वाहतुकीचीच. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नॉन-ट्रान्सपोर्टमधला वेगळा वर्ग आहे आणि गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. परमिट सरेंडर करायचं, टॅक्सचा फरक भरायचा, ते वेगळंच. विकणाऱ्यानं यातलं काहीच न करता नोटरी केलेला करारनामा हातात ठेवला. नोटरीनं आरसीवरचं नाव बदलत नाही. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जावे लागतात, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसीही. विमा प्रवासी गाडीचा आणि आत गॅसची शेगडी, म्हणजे अपघात झाला तर क्लेम नाकारायला कंपनीकडे आयतं कारण. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा वर्ग, फिटनेसची मुदत आणि विमा पाच मिनिटांत दिसतो. ही पाच मिनिटं कुणी देत नाही, हीच खरी गंमत.

आता कोल्हापूरचं खास दुखणं: पुरातल्या गाड्या. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. बुडालेली गाडी साध्या विक्रीत ओळखू येते, कारण कार्पेटला वास मारतो. कॅम्परमध्ये कार्पेट काढूनच प्लाय ठोकलेला असतो, त्यामुळे पुरावाच झाकला जातो. तरी एक जागा सहसा सुटते. ड्रायव्हरचा सीटबेल्ट रिळातून पूर्ण शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात येणारा पट्टा धुतलेला असतो, शेवटचा हातभर भाग नाही. तिथं मातकट आडवी रेघ किंवा वाळलेला गाळ दिसला की पुढं बोलणं नको. या गाडीत ती रेघ होती. मग फ्यूज बॉक्स उघडा आणि डॅशबोर्डखालचा एखादा कनेक्टर सोडवून बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर वायरिंग आज ना उद्या दगा देणार. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची पातळी उमटलेली असते, तीही बघा.

बॅटरीवर 'लिथियम, २०० एएच' (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) असं स्टिकर होतं आणि 'रात्रभर एसी चालतो' ही ग्वाही. १२ व्होल्टची १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १० ते १३ किलोची असते, २०० ची त्याच्या दुप्पट. इथं दोघांना उचलवेना: आत जुनी ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी, १५० एएचची. मल्टिमीटर दीड-दोनशेला मिळतो. फुल चार्ज करून, सगळं बंद ठेवून दोन-तीन तासांनी मोजा. लेड-ॲसिड १२.६-१२.७ दाखवेल, लिथियम १३.३ च्या आसपास. हिशेबही सोपा आहे. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास, आणि लेड-ॲसिडची निम्मीच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. उरले ९००. एक टनाचा एसी हजाराच्या वर वॉट ओढतो. रात्र सोडा, तासभरही निभणार नाही.

वजनाकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं. १८ एमएमच्या ८ बाय ४ प्लायचं वजन साधारण ३५ किलो, असे दहा लावले की साडेतीनशे. १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, आणि ती बसवली होती मागच्या टोकाला. मागं भार गेला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग भरकटल्यासारखं वाटतं, आणि नवशिक्या माणसाला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही. विकणाऱ्यानं ट्रायल दिली ती कावळा नाक्यावरून हायवेला, सपाट रस्त्यावर, टाकी रिकामी ठेवून. ट्रायल पन्हाळ्याची मागा, टाकी भरून. चढण्यापेक्षा उतरताना बघा. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं. ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल बसतं. गगनबावड्याहून करूळ घाटात हे कळण्यापेक्षा पन्हाळ्यावर कळलेलं बरं. आधी वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगळा तोला, बेरीज आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडा. टायरच्या बाजूचे चार आकडेही वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं.

गॅसचा कप्पा बेडखाली, चारी बाजूंनी बंद होता. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं, आणि कप्पा झोपायच्या जागेपासून हवाबंद हवा. घरगुती १४.२ किलोची टाकी आत आडवी ठेवलेली दिसली तर बांधणारा काय लायकीचा ते तिथंच समजतं.

पैसे आधीच गेले असतील तर विकणारा धंदेवाईक आहे का हे पहिलं ठरवा. धंदेवाईक असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यावर १० लाखांपर्यंत २०० रुपये. सुरुवातीचा सल्ला ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मिळतो. घरगुती मालकानं विकलेली गाडी असेल तर हा रस्ता सहसा बंद, मग पोलीस किंवा दिवाणी कोर्ट. दोन्हीकडे लागतात ती जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरची 'लिथियम आहे' ही लेखी कबुली आणि बँकेची नोंद. काकूंनी सव्वासातपैकी तीन लाख रोख दिले होते, त्याची पावती नाही. तक्रारीत आकडा सव्वाचारचाच लिहावा लागला.