ग्लोब थिएटरचं कार्डबोर्ड मॉडेल: घ्या, पण छप्पर बदला

ग्लोब म्हणजे लंडनमधलं शेक्सपिअरच्या नाटकांचं थिएटर. कोल्हापुरात महाद्वार रोडवर ४५० रुपयांना मिळणारा त्याचा हा संच शेक्सपिअरचा काळ मुलांना समजवायला चांगला आहे. सुटे भाग ६४, भिंती वीस. रंगमंच तर मन लावून केलाय: दोन खांब, त्यांवर रंगवलेलं ‘आकाश’, मागे नटांची खोली आणि फळीत उघडणारा चोरदरवाजा. पुढे मोकळं अंगण; एक पेनी देऊन लोक तिथं उभ्यानं नाटक बघत.

घोळ छपरात आहे. खोक्यावर साल १५९९ आणि वर कौलं! पहिल्या ग्लोबचं छप्पर गवतानं शाकारलेलं होतं. २९ जून १६१३ ला ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली, गवत पेटलं आणि थिएटर जळालं. कौलं आली ती १६१४ च्या नव्या इमारतीवर. केशवराव भोसले नाट्यगृहाची आग पाहिलेल्या कोल्हापूरकराला हा तपशील किरकोळ वाटणार नाही. कौलांवर बारीक कापलेला काथ्या चिकटवा, काम होतं.

भिंती आधी गोंदाशिवाय उभ्या करून बघा. फेव्हिकॉल पातळच लावा. जास्त झाला की कार्ड फुगतं आणि विसावी भिंत दोनेक मिलिमीटरनं बसत नाही. पावसाळ्यात रात्रभर वाळू द्या. खांब छपराआधी लावा, नंतर आत बोटं जात नाहीत.

माहितीपत्रक मात्र फारच तोकडं. शेक्सपिअर या थिएटरचा भागीदार आणि नटही होता, लंडनच्याच शोरडिच भागातल्या जुन्या थिएटरची लाकडं आणून ते उभारलं, यातलं काहीच त्यात नाही.