बिलावर फक्त ‘टायर 4 नग, रिम 4 नग’

पाच दारांची मारुती जिम्नी, जेमतेम हजार किलोमीटर चाललेली. मालकाला कोकणातल्या कातळावर आणि पावसाळ्यात घाटमाथ्याच्या चिखलवाटांवर फिरायचं होतं. त्यासाठी त्याने 235/75 आर15 मापाचे मड टेरेन (चिखलासाठीच्या खोल नक्षीचे) टायर आणि काळ्या अलॉय रिम असा सेट बसवून घेतला. दुकानदार म्हणाला होता, “नवा इम्पोर्टेड माल आहे, ऑफसेट झीरो आहे, गाडी दोन इंच उचलेल आणि कुठेही काही कापावं लागणार नाही.” आठवडाभरात स्टिअरिंग जड वाटायला लागलं, 80 च्या पुढे थरथर सुरू झाली आणि पूर्ण वळण घेतलं की टायर पुढच्या बंपरच्या मागच्या कडेला घासू लागला. तक्रार करायला गेल्यावर बिल काढलं, तर त्यावर ‘टायर 4 नग, रिम 4 नग’ आणि खाली रक्कम. माप नाही, सिरीयल नंबर नाही, जीएसटी क्रमांकही नाही. दुकानदाराने खोटं काहीच लिहून दिलं नव्हतं, कारण त्याने काही लिहूनच दिलं नव्हतं.

आता एकेक थाप मोजून पाहू. हे सगळं मोजायला एक टेप, एक सरळ पट्टी आणि अर्धा तास पुरतो.

आधी ‘दोन इंच’. जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर15. रुंदी 195, तिच्या 80 टक्के म्हणजे 156 मिमी ही बाजूच्या भिंतीची उंची. ती वर-खाली दोनदा धरायची, त्यात रिमचे 15 इंच म्हणजे 381 मिमी मिळवायचे, की व्यास 693 मिमी येतो. 235/75 आर15 चा व्यास याच हिशेबाने 733.5 मिमी. फरक 40 मिमी, पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे 20 मिमी. एक इंचसुद्धा नाही. उलट परीघ 5.8 टक्क्यांनी वाढला, त्यामुळे पूर्वी मीटर 80 दाखवताना गाडीचा जो वेग असायचा, तो आता तेवढाच जास्त असतो. शिवाय सगळे गिअर तितकेच लांबले आणि दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाला चढावर ते लगेच जाणवतं. थारवाल्यांना याच अज्ञानातून वेगळं गंडवतात: “31 इंची करून देतो.” 18 इंची रिमच्या थारवर कंपनीचाच 255/65 आर18 असतो, त्याचा व्यास 789 मिमी, म्हणजे तो मुळातच 31 इंची आहे!

खरी लबाडी ऑफसेटमध्ये होती. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मधल्या रेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर किंवा आत आहे ते अंतर. जिम्नीची मूळ रिम साडेपाच जे, म्हणजे साडेपाच इंच रुंदीची (‘जे’ हा कडेच्या आकाराचा प्रकार), ऑफसेट अधिक 5 मिमी. नव्या रिमवर स्टिकर होता ‘7 जे, ऑफसेट 0’. स्टिकर कोणीही छापतो, त्यामुळे रिमच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत काय आहे ते बघा, आणि तरी मोजाच. रिम पालथी ठेवा, तोंड खाली. मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवून तिथून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. 7 जे रिमची कडांसकट रुंदी साधारण 8 इंच, म्हणजे 203 मिमी. ऑफसेट खरंच शून्य असता तर खोली निम्मी, 101 ते 102 मिमी भरली असती. या रिममध्ये ती 77 भरली. म्हणजे ऑफसेट उणे 25, टेकणारा पृष्ठभाग मधल्या रेषेच्या आत आणि चाक तेवढं बाहेर. रुंदी वाढल्यामुळे 19 आणि ऑफसेटमुळे 30, अशी रिमची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा एकूण 49 मिमी बाहेर आली. पूर्ण वळणावर टायर जे मोठं वर्तुळ काढतो त्यात बंपरची कड सापडते. बेअरिंगवर तिरका भार येतो, स्टिअरिंग जड होतं, खड्ड्याचा झटका हातापर्यंत येतो आणि चिखल थेट दारांवर उडतो. चाक बाहेर आलेलं दिसायला छान दिसतं, खपतं ते त्यामुळेच.

भोकांचं मापही तपासून घ्या. जिम्नीची पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 5 बाय 139.7, म्हणजे 139.7 मिमीच्या वर्तुळावर 5 भोकं आणि शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 82 मिमी. ते 67 भरलं तर रिम 114.3 ची आहे आणि ती मध्ये अडॅप्टर घालूनच बसेल. अडॅप्टर किंवा स्पेसर घातला तर तो बिलावर स्वतंत्र लिहिलेला हवा. या गाडीत तो नव्हता, पण त्याहून वाईट प्रकार होता. जिम्नीचं मधलं भोक 108 मिमीचं, बऱ्याच गाड्यांपेक्षा मोठं. लहान भोकाची रिम स्वस्तात मिळते, मग ती लेथवर चढवून बोअर मोठा करतात. त्यात नटांच्या बैठकीजवळचं धातू खरवडलं जातं आणि मध्य जरासा जरी चुकला तरी चाक लंगडं फिरतं. 80 च्या पुढची थरथर तिथली होती, बॅलन्सिंगची वजनं चिकटवून ती कधीच जाणार नव्हती. मधल्या भोकाच्या आतल्या कडेवर रंग नसेल आणि ताज्या चकचकीत गोल रेघा दिसत असतील तर ती रिम परत करा. मागच्या बाजूला रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा लागतोय का तेही बोटाने चाचपून बघा.

आता ‘नवा माल’. बाहेरच्या बाजूला तारीखच नव्हती. डीओटीचा, म्हणजे टायर कुठे आणि कधी बनला ते सांगणारा, पूर्ण कोड बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतो आणि ती बाजू मुद्दाम आत ठेवून टायर चढवता येतो. गाडी जॅकवर घेऊन आतून बॅटरी मारल्यावर शेवटचे चार आकडे दिसले: 0818. म्हणजे 2018 चा आठवा आठवडा. ही गाडी भारतात विकायला आली 2023 मध्ये, टायर तिच्याहून पाच वर्षांनी म्हातारा! नक्षी खोल असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या कातळावर तेच घसरतं. म्हणून टायर रिमवर चढवण्याआधी, जमिनीवर असतानाच चारही कोडांचे फोटो काढा.

जुना टायर नवा म्हणून खपवण्याची आणखी एक रीत म्हणजे नक्षी कापून खोल करणं. ओळखायचं कसं? खाचांच्या तळाशी 1.6 मिमी उंचीचे छोटे उंचवटे असतात, टीडब्ल्यूआय म्हणतात त्यांना. कापलेल्या टायरमध्ये तेही चिरलेले असतात, किंवा खाचेचा तळ त्यांच्याही खाली गेलेला असतो. काळं पॉलिश चोपडलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून मगच बघा.

आणि ‘इम्पोर्टेड’. जून 2020 पासून नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागतो, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. या चारांपैकी दोन टायरांवर चिन्हच नव्हतं, म्हणजे सेट दोन ठिकाणांहून जुळवलेला होता. जिम्नीसारख्या गाडीत हे जास्त महाग पडतं. तिच्या 4एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत; 4एल ही तिचीच हळू, जास्त जोराची जोडी) पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये दोघांच्या वेगातला फरक सामावणारा डिफरन्शियल नसतो. पुढच्या-मागच्या टायरांचा परीघ वेगळा असेल तर कठीण रस्त्यावर तो ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो. चारही टायरांत सारखी हवा भरा, प्रत्येकावर खडूची खूण करा, एक फेरा ढकलून जमिनीवरचं अंतर मोजा. सेंटिमीटरभर फरक आला तरी विचारा. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली असेल तर 4एच आणि 4एल लावण्यापुरती ती निरुपयोगी. सेट घ्यायचा तर पाचाचा घ्या, आणि मागच्या दाराच्या बिजागरीवर किती जास्त वजन टांगणार ते आधी तोलून बघा.

मूळ साडेपाच जे रिम ठेवायची असेल तर 215/75 आर15 पुरे. व्यास 703.5 मिमी, फरक दीड टक्का, आणि साडेपाच जे रिम त्याला चालते. 235/75 ला किमान 6 जे लागते, त्यामुळे तो कंपनीच्या रिमवर चढवून देणाराही फसवतोच आहे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ 96 पेक्षा, म्हणजे टायरमागे 710 किलोपेक्षा, कमी नको.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. “सगळे लावतात, काही होत नाही” हे दुकानदाराचं वाक्य विम्याच्या सर्व्हेअरसमोर उपयोगाचं नाही.

बिलावर लिहून घ्यायचं ते असं: टायरचा मेक, माप, लोड इंडेक्स, पाचही डीओटी कोड, रिमची रुंदी, ऑफसेट, पीसीडी, मधल्या भोकाचं माप, जीएसटी क्रमांक. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवर 18 टक्के जीएसटी आहे, कोणी अजून 28 लावत असेल तर थांबवा. लिहून द्यायला नकार मिळाला तर पैसे खिशातच ठेवून निघा. पैसे देऊन बसला असाल तर मोजमापांचे फोटो काढून दुकानाला लेखी पत्र द्या, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. पण तिथेही पहिला कागद मागतात तो बिलाचाच.

शेवटचं, जुन्या सेटबद्दल. हजार किलोमीटर चाललेले कंपनीचे टायर ‘बायबॅक’ म्हणून कवडीमोलाने ठेवून घेणं हा या धंद्यातला हमखास फायदा आहे. नव्या सेटवर 500 किलोमीटर होईपर्यंत जुना सेट घरीच ठेवा. नट हाताने लावून 100 न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंचने आवळून घ्या, 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. या गाडीचा जुना सेट दुकानात दिला होता, तो परत मागितला तेव्हा विकून झाला होता.