गोचिडाची गोळी, आमची मुधोळ आणि बावड्याचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कुत्रीला गोचिडासाठी सुरू केलेली नेक्सगार्डची गोळी उन्हाळा लागला तरी चालू आहे आणि पुढेही चालू ठेवणार आहे. गोळी काम करते, यात शंका नाही. पण गोळी दिली की बाकी काही बघायला नको, असं समजून कुणी घेत असेल तर त्याने आधी हे वाचावं.

आमची तानी मुधोळ जातीची. घर कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात, मागे ऊस, शेजारी म्हशींचा गोठा. तिच्या आधीचा वाघ्या गोचीडतापाने गेला. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, नाकातून रक्त आलं, प्लेटलेट्स घसरत गेल्या. त्यावरच्या डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स 28 दिवसांचा असतो, त्याला तेवढे दिवस मिळालेच नाहीत. म्हणून तानी घरात आली तेव्हाच ठरलं होतं की आजार आल्यावर धावपळ नको, आधीच बंदोबस्त करायचा.

गोळीत अफॉक्सोलानर असतं. ते रक्तात उतरतं आणि गोचीड चावून रक्त प्यायली की मरते, साधारण 48 तासांच्या आत. म्हणजे गोचीड अंगावर चढायची थांबत नाही. पहिल्या महिन्यात तानीच्या कानात गोचीड दिसली तेव्हा घरचे म्हणाले, "पैसे पाण्यात गेले." चिमट्याने ओढली तर ती वाळलेली, मेलेली निघाली. पूर्वी वाघ्याच्या अंगावर एरंडीच्या बीसारख्या टम्म फुगलेल्या राखाडी गोचीड मिळायच्या. तानीच्या अंगावर इतक्या महिन्यांत तशी एकही मिळालेली नाही. माझ्यासाठी खरा निकाल हाच. तरी चावा होतोच, त्यामुळे तापाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून बघतेच. आखूड केसांमुळे मुधोळचं हे काम सोपं जातं.

खरी लढाई भिंतीत असते. कुत्र्याची तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली पडते, फटीत शिरते, कात टाकते आणि पुन्हा चढते. मादी अंडी घालते तीही फटीतच, हजारोंनी. तानी झोपते तिथल्या दाराच्या चौकटीमागे टॉर्च मारून पाहिलं तर बारीक लालसर पिल्लं ओळीने वर चढत होती. फटी सिमेंटने बुजवल्या, गोणपाट जाळून टाकलं, आता जुनी चादर घालतो आणि ती दर आठवड्याला कढत पाण्यात टाकतो. हे केल्यावर दोनेक महिन्यांत जो फरक पडला तो नुसत्या गोळीने पडला नसता.

गोठ्यातलं म्हशीचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळायची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे. कळकळीने सांगते, करू नका. कुत्रं अंग चाटतं, ते विष पोटात जातं. घरात मांजर असेल तर त्याहून वाईट, कारण डेल्टामेथ्रिन, पर्मेथ्रिन ही औषधं मांजराच्या जिवावर बेततात. रॉकेलनेही कातडी भाजते.

घेताना वजन करूनच घ्या. पाकिटं वजनाप्रमाणे असतात, 10 ते 25 किलोचं वेगळं, 25 ते 50 चं वेगळं. तानी नेमकी 25 च्या काठावर, म्हणून दवाखान्यातल्या काट्यावर उभी केल्याशिवाय नवं पाकीट आणत नाही. किंमत गोचिडाच्या पावडरीपेक्षा बरीच जास्त आहे. दर महिन्याला खिशाला जाणवते, पण गोचीडतापाच्या तपासण्या आणि सलाइनपुढे ती काहीच नाही.

ही गोळी जंतांवर चालत नाही. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी वेगळं द्यावं लागतं. रेबीजची लस दरवर्षी, तिथे चालढकल नाहीच. आणि कोल्हापूरकरांनी लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाच्या आधी घ्यावी. उंदरांच्या मुतातून हा रोग साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पाणी कुठवर येतं ते ठाऊक आहे. या लसीचा जोर वर्षभर टिकतो. आमचे डॉक्टर म्हणतात, "ताई, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला लागल्यावर लस आठवून उपयोग नाही, मे महिन्यातच या." तेव्हापासून वार्षिक डोस मे महिन्यातच ठेवलाय.

कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. या गटातल्या औषधांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिलेला आहे. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लालाही देऊ नका. पिल्लू असेल तर दात बारीक असलेली फणी रोज फिरवा आणि गोळीचं डॉक्टरांना विचारा.