पिकोपीएसयू-९०: पंखा गेला, स्टँडबायचं काय?

मदरबोर्डच्या पॉवर सॉकेटवरच बसणारी, पीसीला वीज पुरवणारी ही ९० वॉटची चिमुकली पट्टी. पंखाच नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्न मिटतो. स्टँडबायची, म्हणजे पीसी बंद असताना खर्च होणाऱ्या विजेची बचत मात्र तिला वीज देणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर ठरते. पीसी बंद असतानाही हा अ‍ॅडॉप्टर थोडी वीज ओढतच असतो. त्याचे १२ व्होल्ट बोर्डला जवळपास जसेच्या तसे मिळतात, म्हणून रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा अ‍ॅडॉप्टरच घ्या.

मग बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘ईआरपी’ हा स्टँडबायची वीज कमी करणारा पर्याय चालू करा. पीसी बंद केल्यावर माउसखालचा लाल दिवा विझला, की यूएसबीचा पुरवठा तुटला समजा. वेक-ऑन-लॅनही (नेटवर्कवरून पीसी चालू करण्याची सोय) सहसा जातं. स्टँडबायची वीज मोजताना जपा: स्वस्त वॉटमीटर १ वॉटखाली भरवशाचे नसतात, सोबत एखादा स्थिर भार (उदा. दिवा) लावून फरक काढा. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल, तर या पट्टीच्या वाटेला जाऊच नका.